श्वानदंश : जखम, फिर्याद आणि ज्ञातीचे कर्तव्य

(संघाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



संमेलनाच्या व्यासपीठावरून दरवर्षी विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, हिशेब वाचले जातात आणि मग कोणा वक्त्यास उभे करून संस्कृती, संघटन, शिक्षण अशा एखाद्या भारदस्त विषयावर बोलावयास सांगतात. यंदा चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला आणि ‘कुत्रा चावल्यावर काय करावे’ असे आम्ही उत्तर दिले, तेव्हा आम्ही विनोद करीत आहो असाच त्यांचा समज झाला. समोरच्या मंडळींतही काही चेहऱ्यांवर स्मित दिसत आहे. कुत्रा हा शब्दच असा आहे की तो उच्चारला म्हणजे सभेचे गांभीर्य थोडे ढळते. परंतु गेल्या दोन वर्षांत आपल्या सभासद-कुटुंबांतील तिघांना या एका कारणाने रुग्णालयाची पायरी चढावी लागली. त्यांत एक सात वर्षांची मुलगी, पहाटे दूध आणावयास निघालेले सत्तरीतले एक गृहस्थ आणि रात्री कामावरून परतणारी एक भगिनी. तिघांच्याही विचारपुशीस आम्ही गेलो होतो. तिन्ही घरांत आम्हांस एकच गोष्ट आढळली. जखमेचे दुःख होतेच. पण त्याहून अधिक सलत होते ते हे की, झाल्या प्रकाराबद्दल उत्तर द्यावयास कोणी पुढे येत नव्हते.

आपणांपैकी ज्यांनी महाभारत वाचले आहे त्यांना आदिपर्वाच्या प्रारंभीची सरमेची कथा आठवत असेल. जनमेजयाचे कुरुक्षेत्रावर सत्र चालले असता तेथे एक कुत्र्याचे पिल्लू आले. राजाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे, म्हणजे देवशुनी सरमेकडे गेले. आईने प्रथम त्यालाच विचारले, ‘तू काही अपराध केला असशील.’ त्याने सांगितले की, हविर्द्रव्याला आपण तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही. तेव्हा ती यज्ञमंडपात गेली आणि निरपराध मुलाला का मारले, असा जाब तिने विचारला. त्या थोर कुळातील मंडळींनी काहीही उत्तर दिले नाही. त्यानंतर तिने शाप दिला. आणि तो निवारण करील असा पुरोहित शोधीत राजाला फिरावे लागले. कथेत मार खाणारा कुत्रा आहे आणि मारणारी माणसे आहेत. आमच्या विषयात ते उलट आहे. परंतु व्यासांनी शापाची जागा कोठे ठेवली आहे ती पाहा. मार बसताच शाप आलेला नाही. प्रश्न विचारला गेला, सभा मुकी राहिली, त्यानंतर तो आला. दुखावलेल्या घराला प्रथम हवे असते ते उत्तर. आणि ते मिळवून देण्याच्या कामी ज्ञातिसंस्थेने कोणाच्या बाजूस उभे राहावे, हाच आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

तथापि न्यायाची गोष्ट नंतरची. आधी जीव वाचला पाहिजे. म्हणून दोन शब्द वैद्यकाविषयी. आम्ही वकिलीत आयुष्य घालवले, वैद्य नव्हे. परंतु पुढे सांगतो ते कोणताही सरकारी दवाखाना आपणांस सांगेल.

चावा बसताच जखम वाहत्या पाण्याखाली धरावी आणि साबण लावून पंधरा मिनिटे धूत राहावे. घड्याळ पाहून पंधरा मिनिटे, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. कारण मूल आक्रोश करीत असता दोन मिनिटेदेखील पंधरांसारखी वाटतात. रोगाचे विष जखमेत असते तोवरच त्याला धुऊन काढता येते. ते एकदा मज्जातंतूत शिरले म्हणजे मेंदूच्या दिशेने चालू लागते. जखमेत हळद, चुना, तिखट, तंबाखू, काहीही भरू नये. डाग देऊ नये. मांत्रिकाकडे जाऊ नये, हे सांगण्याची आज वेळ यावी याचे आम्हांस वैषम्य वाटते. पण ती येते. टाके घालण्याचा आग्रह धरू नये. ते डॉक्टरांवर सोपवावे. आणि त्याच दिवशी लस टोचून घ्यावी. सरकारी व पालिकेच्या रुग्णालयांत ती विनामूल्य मिळते. कातडी फाटून रक्त आले असेल तर केवळ लस पुरत नाही. लशीचा गुण अंगात येण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्या अवधीसाठी इम्युनोग्लोब्युलिन नावाचे तयार संरक्षक द्रव्य जखमेतच टोचावे लागते. लहान खेड्यांतील केंद्रांवर ते नेहमी असतेच असे नाही. म्हणून ‘हे द्रव्य येथे आहे काय’ असे स्पष्ट विचारावे, नसल्यास कोठे मिळेल ते लिहून घ्यावे व तेथे जावे. मालकाने कुत्र्याच्या लसीकरणाचा दाखला दाखविला तरी आपली लस थांबवू नये. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवण्याची पद्धत योग्यच आहे, परंतु ती लस सुरू करून ठेवावयाची, वाट पाहत बसून नव्हे.

आमच्या पिढीतील पुष्कळांच्या मनात पोटात घ्यावयाच्या चौदा सुयांची धास्ती अद्याप आहे. ती लस कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली सिद्ध केली. मेंढीच्या मेंदूपासून ती करीत आणि तिच्या वेदना व क्वचित उद्भवणारे दुष्परिणाम यांमुळे लोक अर्ध्यावरच पळ काढीत. आपल्या देशात ती २००४ साली बंद झाली. आताची लस दंडात घ्यावयाची असते. सरकारी रुग्णालयांत ती बहुधा कातडीत टोचतात. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. अठ्ठाविसावा दिवस लोक विसरतात. घरातील दिनदर्शिकेवर तो लाल शाईने लिहून ठेवावा, एवढी आमची भगिनींना विनंती आहे. पुरुषमंडळी लिहितील यावर आमचा फारसा विश्वास नाही.

या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ राहत नाही. सुश्रुताने कल्पस्थानात पिसाळलेल्या श्वानाचे वर्णन केले आहे आणि पाण्याच्या भीतीला मरणाचे चिन्ह म्हटले आहे. इतक्या शतकांनंतरही त्या एका वाक्यात आधुनिक वैद्यकाला फारसा फरक करता आलेला नाही. फरक झाला तो लक्षणांच्या आधीच्या दिवसांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात आणि त्यांतील दहांपैकी चार पंधरा वर्षांखालील मुले असतात. आपल्या देशात २०२४ साली श्वानदंशाच्या सुमारे ३७ लाख घटनांची नोंद झाल्याचे केंद्र सरकारने २०२५ साली संसदेत सांगितले. महाराष्ट्राचा वाटा त्यांत चार लाखांहून अधिक होता. या आकड्यांपुढे आपले तिघे म्हणजे काहीच नव्हेत. परंतु घरात एकच मूल असते.

पाश्चरची गोष्ट आपण शाळेत वाचली आहे. १८८५ च्या जुलैच्या ४ तारखेस आल्सेस प्रांतात जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पिसाळलेल्या कुत्र्याने चौदा ठिकाणी फाडले, ६ तारखेस त्याला पॅरिसला पाश्चरकडे आणले, लस टोचली आणि तो वाचला. शालेय पुस्तकांत न येणारी एक गोष्ट पाश्चरच्या स्वतःच्या टिपणात आहे. त्या दिवशी त्याच्याकडे तिघे जण आले होते : मुलगा, त्याची आई आणि कुत्र्याचा मालक. मालक एक लहानसा किराणा दुकानदार होता. त्यालाही त्याच कुत्र्याने धरले होते, पण दात सदऱ्याखालच्या कातडीत रुतले नव्हते. पाश्चरने त्याला त्याच दिवशी परत धाडले. तो स्वतःच्या भीतीने आला असेल किंवा मुलासाठी आला असेल, त्याचे मन आपण कसे जाणावे? आम्हांस एवढेच दिसते की, त्या आईने परक्या शहराचा तो प्रवास एकटीने केला नाही. ज्याच्या जनावराने चावा घेतला तो मनुष्य तिच्या बरोबर होता. आता आपल्याकडचे पाहू.

आम्ही ज्या सात वर्षांच्या मुलीचा उल्लेख केला तिला चावलेला कुत्रा रस्त्यावरचा नव्हता. तो आपल्याच एका सभासदाच्या बंगल्यातील होता. फाटक उघडे राहिले, मुलगी शिकवणीहून परतत होती, आणि शेजारच्या बाईंनी बादली फेकून मारीपर्यंत कुत्र्याने तिचा गाल आणि डावा दंड सोडला नाही. गालाला जखम होण्याचे कारण साधे आहे : लहान मुलाचा चेहरा मोठ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. त्या कुत्र्याने पूर्वी टपालवाल्याचा पाय धरला होता हे त्या आळीत सर्वांस ठाऊक होते. मुलीच्या वडिलांनी पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. तिसऱ्या दिवशी आपल्यातील चार वजनदार माणसे त्यांच्या घरी गेली, ‘आपल्यातलेच आहेत, वाढवू नका, मुलीची जात आहे, कोर्टात तिचे नाव कशाला’ असे म्हणाली आणि एक पाकीट ठेवून आली. मुलीच्या आईने ते पाकीट परत पाठविले. तिने निरोप दिला तो असा : ‘पैसे नकोत असे नाही, खर्च झालाच आहे. पण त्यांनी घरी येऊन पोरीला सांगावे की, चूक आमची होती, तुझी नव्हती. ती रोज विचारते, मी काय केले होते?’

सरमेने पिल्लाला जे विचारले तेच ही मुलगी स्वतःला विचारीत होती. बंधूंनो, या प्रश्नाचे उत्तर पाकिटात घालून देता येत नाही.

‘मुलीची जात आहे’ या वाक्याविषयी आमचे मत आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. गालावरचा व्रण लपवावयाचा असेल तर तो ज्याच्या निष्काळजीपणाने झाला त्याने लपावे. ज्ञातिसंस्थेचे वजन दुबळ्या पारड्यात पडावे म्हणून आपल्या पूर्वजांनी संघ काढले. वसतिगृहे काढली ती गरीब विद्यार्थ्यांसाठी, श्रीमंतांसाठी नव्हे. आपसातील तंटा मिटविणे हे पुण्यकर्म आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण मिटविणे निराळे आणि दडपणे निराळे. मिटविताना दोन्ही बाजू बोलतात. दडपताना एकच बाजू बोलते आणि दुसरीला चहा पाजतात.

कायद्याकडे येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवास धोका किंवा भारी दुखापत संभवत असता पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या दंडसंहितेत हेच कलम २८९ होते आणि दंड एक हजारापर्यंत होता. शिवाय निष्काळजीपणाने दुखापत केल्याबद्दल कलम १२५ आहे. आमच्या बंधूंनी ध्यानात ठेवावे ते असे की, कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र आहे. ठाण्यावर पुष्कळदा ‘कुत्र्याचे प्रकरण’ म्हणून अदखलपात्र नोंद करून चिठ्ठी हातात देतात. ती घेऊन परत येऊ नये. कलमाचा आकडा नम्रपणे सांगावा, प्रथम खबरी अहवालाची प्रत मागावी, ती विनामूल्य मिळते. नकार आल्यास पोलीस अधीक्षकांस लेखी कळवावे, तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. कलम २९१ च्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्यास एक वर्षाची मुदत आहे. ‘आधी जखम भरू दे, मग बघू’ असे म्हणता म्हणता वर्ष सरते, आणि मग आमच्यासारख्या वकिलाने कितीही पोथ्या उलटल्या तरी उपयोग नसतो.

पुराव्याचे काम मात्र घरच्यांनीच करावयाचे असते, आणि ते पहिल्या दोन दिवसांत. डॉक्टरांकडून केसपेपरवर ‘कुत्र्याचा चावा’ असे शब्द, जखमांची जागा, संख्या व माप लिहवून घ्यावे. रक्ताचे कपडे धुऊ नयेत. कागदात गुंडाळून ठेवावेत. जखमेशेजारी पट्टी धरून छायाचित्रे काढावीत, आणि व्रण बदलत जातो तसतशी पुनःपुन्हा काढावीत. पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहून फाटकाची कडी, साखळी, पाटी यांची स्थिती त्यात आली की नाही ते पाहावे. इमारतीत कॅमेरा असल्यास त्याच दिवशी चित्रण राखून ठेवण्याविषयी लेखी मागणी करावी, कारण काही दिवसांनी त्यावर नवे चित्रण चढते. औषधांच्या, रिक्षाच्या, अगदी दवाखान्यात प्यायलेल्या दुधाच्यासुद्धा पावत्या ठेवाव्यात. आणि त्या कुत्र्याने पूर्वी कोणास त्रास दिला असेल तर त्या माणसास शोधावे. जनावराचा स्वभाव मालकास आधीच ठाऊक होता काय, हा प्रश्न इंग्रजी कायद्यात फार जुना आहे आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांत आपल्याकडेही तो पुढे येतो. टपालवाल्याचा पाय येथे साक्ष देतो. म्हणूनच आम्ही म्हणतो की, शेजाऱ्याचा कुत्रा अंगावर धावून आला आणि चावला नाही, तरी सोसायटीला दोन ओळींचे पत्र लिहून पोच घ्यावी. शेजारधर्म त्याने बुडत नाही.

‘पण शिक्षा होते काय?’ असे आपण विचाराल. होते, परंतु सावकाश. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० साली एका मोटारीत रॉटवायलर जातीचा कुत्रा बाहेर पडण्यासाठी भुंकत होता. दार उघडू नका, असे बाहेर उभ्या असलेल्या बहात्तर वर्षांच्या नातलगाने विनविले असताही मालकाने दार उघडले आणि कुत्र्याने त्या वृद्धास फाडले. गिरगावच्या न्यायालयाने मालकास तीन महिन्यांची कैद दिली ती २०२३ साली. वरळीतील एका इमारतीत २०१८ साली एका गृहस्थाने, लहान मुलाला भीती वाटते, थोडे थांबा, असे सांगितलेले न ऐकता दुसऱ्याने कुत्रा उद्वाहनात ओढून आणला व तो त्या गृहस्थाच्या हातास चावला. २०२५ साली मालकास चार महिन्यांची सक्तमजुरी झाली, आणि त्या खटल्यात उद्वाहनातील कॅमेऱ्याचे चित्रण कामी आले. एकात तेरा वर्षे, दुसऱ्यात सात. तेरा वर्षांत सात वर्षांची मुलगी वीस वर्षांची होते. न्यायालयांवर विसंबू नका असे आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो की, एवढ्या काळात त्या घराला एकटे पडू देऊ नका. तारखेला कोणी तरी सोबत गेले पाहिजे.

दोन्ही पक्षांत तडजोड झाली तरी कलम २९१ चा गुन्हा केवळ त्यांच्या संमतीने मिटत नाही. तो रद्द व्हावयाचा तर उच्च न्यायालयात जावे लागते. वजनदार मंडळी पाकीट ठेवताना हे सहसा सांगत नाहीत. भरपाईसाठी दिवाणी दावा निराळा लावता येतो. त्यात औषधखर्च, बुडालेली मजुरी, पुढील शस्त्रक्रिया, चेहऱ्याची विद्रूपता, सोसलेली वेदना हे सारे मागता येते. स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न पाहता १९८७ च्या कायद्याखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. आपल्यातील किती जणांस हे ठाऊक आहे, हात वर करा. पाहा, सहा-सात.

त्या मुलीच्या प्रकरणाचे पुढे काय झाले, हे विचारणे स्वाभाविक आहे. दोन्ही घरांनी आम्हां तिघांस बोलाविले. जे ठरले ते लिहून सह्या झाल्या : आजवरचा सर्व खर्च, गालावरील शस्त्रक्रिया डॉक्टर सांगतील तेव्हा तिचाही खर्च, फाटकाला आपोआप मिटणारी कडी, बाहेर नेताना साखळी व मुसके, पालिकेकडे कुत्र्याची नोंद. फिर्याद कायम राहिली. हे मुलीच्या वडिलांनी प्रथमच सांगितले होते आणि मालकानेही, थोड्या नाखुशीने का होईना, ते मान्य केले. एका रविवारी ते गृहस्थ पत्नीसह मुलीच्या घरी गेले. काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही. आम्ही बाहेर ओटीवर बसलो होतो. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे याहून अधिक बोलणे उचित नव्हे.

मालक असलेल्या कुत्र्याविषयी हे झाले. परंतु दुसऱ्या दोघांना चावलेली कुत्री बेवारशी होती, आणि तेथे उत्तर द्यावयास दारच नसते. रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून भांडणे हा काही आजचा प्रकार नव्हे. १८३२ च्या जून महिन्यात सरकारी माणसे मुंबईत मोकाट कुत्री मारू लागली म्हणून पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दोन दिवस शहराचे व्यवहार बंद पडले. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी पांजरपोळ स्थापन केला तो त्याच वादातून. भूतदया आणि भय ही दोन्ही या शहरात जुनी आहेत. आपण तर दत्तप्रभूंच्या पायाशी चार श्वान पाहून हात जोडणारी माणसे. खंडोबाच्या पायाशीही तो आहेच. म्हणून सांगतो, रागाच्या भरात कोणी विष घालू नये. ते क्रौर्य आहे. शिवाय न्यायसंहितेच्या कलम ३२५ खाली त्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे निष्काळजी मालकाला आहे त्याच्या दहापट.

बेवारशी कुत्र्यांचे नियंत्रण ही पालिकेची जबाबदारी आहे. २०२३ च्या प्राणी जनननियंत्रण नियमांप्रमाणे त्यांना पकडून निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याच जागी सोडावयाचे, आणि पिसाळलेल्यांना वेगळे कोंडून ठेवावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या २२ ऑगस्टच्या आदेशात हीच रीत कायम ठेवली, मात्र पिसाळलेली व आक्रमक कुत्री परत सोडू नयेत आणि खाऊ घालण्यासाठी ठराविक जागा असाव्यात, असे सांगितले. त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व आगारे आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवून ती तेथे पुन्हा सोडू नयेत असे सांगितले. आपल्या भगिनीला चावा बसला तो एका बस-आगाराच्या फाटकाशी. म्हणून तिच्या अर्जात या आदेशाचा उल्लेख आम्ही घातला आहे. भरपाईसंबंधी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात एक माप घालून दिले : दाताच्या प्रत्येक खुणेस किमान दहा हजार रुपये, आणि मांस निघाले असल्यास दर ०.२ सेंटिमीटर जखमेस किमान वीस हजार. आपल्या राज्यावर तो निर्णय बंधनकारक नाही, पण दाखला म्हणून दाखविता येतो. आणि डॉक्टरांकडून जखमा मोजून घ्या असे मघाशी आम्ही का म्हणालो तेही आता ध्यानात येईल.

दूध आणावयास निघालेल्या गृहस्थांनी अर्ज करण्यास नकार दिला. ‘कुत्र्याविरुद्ध अर्ज काय करावयाचा’ असे ते म्हणाले आणि काठी घेऊन पुन्हा पहाटे निघू लागले. त्यांच्या हिमतीचे कौतुक वाटते. पण त्या गल्लीतून सकाळी शाळेची मुलेही जातात, आणि त्यांच्या हाती काठी नसते. गल्लीतील मंगल कार्यालयाचे उष्टे उघड्यावर पडते तेथेच ती टोळी जमते. निदान त्या उष्ट्याबद्दल तरी अर्ज द्यावा असा आमचा त्यांच्याशी वाद चालू आहे.

वेळ संपत आली. एका भगिनीने चिठ्ठी पाठविली आहे, तिला उत्तर देऊन खाली बसतो. त्या विचारतात : ‘जखम बरी झाली. पण मुलगा रात्री दचकून उठतो, रस्त्यावर कुत्रा दिसला की माझ्या मागे लपतो, शाळेत जाणे टाळतो. भीती मोडावी म्हणून त्याला मुद्दाम कुत्र्याजवळ न्यावे काय?’

ओढून नेऊ नये. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर केलेला उपचार प्रसिद्ध आहे. मूल आवडीचे खात असता ससा पिंजऱ्यात घालून खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवीत आणि दररोज मुलाला सोसेल तेवढाच जवळ आणीत. न भिणारी दुसरी मुलेही तेथे खेळत असत. अखेरीस पीटर सशाला कुरवाळू लागला. परंतु मध्यंतरी, तो आजारातून उठून रुग्णालयातून परत येत असता, गाडीत बसतेवेळी एक मोठा कुत्रा त्याच्या व दाईच्या अंगावर झेपावला आणि त्याची सारी भीती जशीच्या तशी परत आली. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला, आणि तेव्हा यश आले. तेव्हा ताई, अंतर किती ठेवावयाचे हे मुलाने ठरवावे, आपण नव्हे. ‘घाबरट’ हा शब्द घरात कोणी वापरू नये, आजोबांनीसुद्धा. काही आठवडे शाळेचा रस्ता बदलला तरी चालेल, पण शाळा बंद करू नये. सोबत कोणी तरी जावे. त्याला घडलेली गोष्ट पुनःपुन्हा सांगावीशी वाटली तर ऐकावी, विसर म्हणून गप्प करू नये. महिना उलटूनही झोप लागत नसेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे. चिठ्ठीवर आपण नाव लिहिलेले नाही. भोजनाच्या वेळी आम्ही डाव्या बाजूच्या पंगतीत शेवटी बसू, तेथे भेटावे, म्हणजे त्या विभागाचे वार आणि वेळ आम्ही लिहून देऊ.